अडतीस नंबरचं ‘ठीक’

१

साहेब, तुम्ही माझ्या भावाला अडीच ओळींत खोटारडा ठरवलंत. खुर्चीतून उठला नाहीत, वर्कशॉपची पायरी चढला नाहीत, त्याला समोर उभं करून एक प्रश्न विचारला नाहीत. संगणकावरचं एक पान छापून घेतलंत, त्याला टाचणी मारलीत आणि खाली लिहिलंत, ‘ब्रेक ठीक असल्याची खोटी नोंद केल्याने निलंबित.’

आता माझं ऐका. यातलं बरंचसं तुम्हाला माहीत आहे. तरी पहिल्यापासून सांगणार आहे, कारण हा कागद तुमच्या एकट्यासाठी नाही.

मी हेड मिस्त्रीची धाकटी बहीण. बस आगाराच्या फाटकासमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवते. शिक्षण दहावी. संगणक शिकले ते लोकांनी टाकून दिलेली यंत्रं उघडून, बिघडवून, परत जोडून. झेरॉक्सच्या काचेवर कुणीतरी किल्ल्या आपटल्या होत्या, त्यामुळे माझ्याकडच्या प्रत्येक प्रतीवर उजव्या बाजूला एक बारीक तिरकी रेघ यायची. गिऱ्हाईकं चेष्टा करायची, ‘ताईंची सही आलीय बघ.’ काच शेवटी बदलली, पण ते पुढे.

त्या मंगळवारी अडतीस नंबरची गाडी तेवीस शाळकरी मुलं घेऊन टेकडीचा उतार उतरत होती. ब्रेक लागले नाहीत. चालकानं गाडी फरशीच्या कारखान्याच्या भिंतीवर घातली, स्वतःची बाजू पुढे करून. मुलं खरचटण्यावर वाचली. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दादाचं म्हणणं असं : सकाळी सहा वीसला ब्रेकची नळी गळताना दिसली, लगेच वर्कशॉपच्या संगणकावर लिहिलं, ‘ब्रेक खराब, गाडी बाहेर काढू नये.’ तुमच्या छापील पानावर मात्र होतं, ‘ब्रेक ठीक.’ आणि तळाला, ‘शेवटचं सेव्ह : हेड मिस्त्री, ८ वाजून १० मिनिटं ३८ सेकंद.’

चौकशी पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी. ठपका बसला तर तीस वर्षांची नोकरी जाणार, वर पोलिसांची केस. म्हणजे एक तर दादा खोटं बोलत होता, नाही तर यंत्र. आणि साहेब, लपवत नाही. पहिले दोन दिवस माझा संशय दादावरच होता.

२

चौकशीत कर्मचाऱ्याला एक मदतनीस घेता येतो. दादानं माझं नाव दिलं. वर्कशॉपमधली पोरं हसली, ‘मिस्त्रींनी वकील आणला, पण झेरॉक्स केलेला.’ हसू दिलं.

दादाला त्याच्याच कपाटापाशी उभं केलं.

‘तुझा पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक आहे?’

त्यानं कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला खडूनं लिहिलेला होता, हाताएवढ्या अक्षरांत.

‘दादा, हे काय?’

‘मी सुट्टीवर असलो तर पोरांची अडचण व्हायला नको म्हणून.’

‘म्हणजे सगळ्या आगाराला ठाऊक.’

‘सगळ्या नाही. फाटकवाल्याला नसेल.’

गाडी नादुरुस्त असली की पूर्वी मिस्त्री स्टिअरिंगला लाल पत्र्याची पाटी अडकवायचा. पाटी दिसली की चालक गाडीला हात लावत नसे. साहेब, चार महिन्यांपूर्वी तुम्ही त्या पाट्या बंद केल्यात. तुमचं परिपत्रक भिंतीवर अजून आहे : ‘सर्व काही संगणकावर. रोज सव्वाआठच्या आत एकसष्टपैकी एकसष्ट गाड्यांची तपासणी सेव्ह झालीच पाहिजे.’ पाट्या कोपऱ्यात पडल्या होत्या, वर कुणीतरी चहाचे कप ठेवलेले.

‘आठ दहाला तू कुठे होतास?’ मी विचारलं.

‘खड्ड्यात. बारा नंबरच्या खाली.’

खड्ड्यातला मदतनीस शेजारीच पाना पुसत होता. त्यानं मान वर केली, दादाकडे पाहिलं आणि परत खाली घातली.

बाहेर येऊन मी त्याला गाठलं. ‘दादा होता का खड्ड्यात?’

‘ताई, मला विचारू नका,’ तो म्हणाला. ‘मिस्त्रींचं मीठ खाल्लंय मी.’

दादा माझ्याशी खोटं बोलला होता.

३

गाड्या वाटून देणाऱ्या कारकुनाला सगळे ‘घड्याळ’ म्हणतात. बोलताना माणसाकडे बघत नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो.

‘काका, त्या दिवशी गाड्या कमी होत्या?’

‘चार कमी होत्या. मग? रोज कमी असतात.’

‘अडतीस अडकली असती तर शाळेची फेरी रद्द झाली असती. बोलणी तुम्हाला बसली असती.’

‘पोरी, सरळ विचार ना, मी बदललं का म्हणून.’ आता त्यानं माझ्याकडे पाहिलं. ‘नाही. मला संगणक सुरू करता येतो, बंद करायला मी नोंदबाईला बोलावतो. आणि तुझ्या भावानं तोंडानं सांगायला काय झालं होतं? इतकी वर्षं ओरडायचा, अडतीस काढू नका रे. त्या दिवशी का नाही ओरडला?’

हे मला झोंबलं, कारण प्रश्न बरोबर होता.

नोंदबाई म्हणजे संगणकावरच्या नोंदी सांभाळणारी बाई. तिच्या टेबलाजवळ दुसरा माणूस बसला होता, संगणकाच्या कंपनीचा. टाय लावतो म्हणून त्याला टायवाला म्हणतात. उन्हाळ्यातही लावतो.

‘मॅडम, सिस्टिम स्वतःहून काही बदलत नाही,’ तो म्हणाला. ‘कुणीतरी सेव्ह केल्याशिवाय अक्षर हलत नाही.’

‘एकाच पानावर दोघांनी काम केलं तर?’

‘ज्याचं सेव्ह शेवटचं, त्याचं खरं. सोपं आहे.’

‘आधीच्याचं काय होतं?’

‘आधीच्याचं कशाला काय व्हायला पाहिजे?’

‘दिवसभरात कुणी काय सेव्ह केलं त्याची यादी द्या.’

‘साहेबांची सही आणा, देतो.’

साहेब, सहीसाठी तीनदा चिठ्ठी पाठवली. तुम्ही तिन्ही वेळा ‘मीटिंगमध्ये’ होतात. तिसऱ्या वेळी तुमच्या दारातून मला तुमचं जांभई देणं ऐकू आलं.

नोंदबाईचं टेबल आरशासारखं लख्ख. मागे भिंतीवर चौकटीत तुमच्या सहीचं प्रशस्तिपत्र, ‘सलग शंभर दिवस एकसष्टपैकी एकसष्ट’. संगणकाच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी, ‘सव्वाआठपर्यंत कृपया हात लावू नये.’ आणि तिचा माउस. त्याचं डावं बटण झिजून त्यात बोटाएवढा खळगा पडला होता.

नियमाप्रमाणे चौकशीची फाइल तिनं मला बघायला दिली. मी पानं मोजली. बावीसनंतर एकदम चोवीस.

‘बाई, तेविसावं कुठंय?’

‘आकडा टाकताना चुकला असेल.’ ती हे माझ्याशी नाही, फाइलशी बोलली.

४

घरी आले तर वहिनी दादाची तपासणीची वही घेऊन बसली होती. तेलकट, कोपरे दुमडलेली, पेन्सिलीनं लिहिलेली. दादा आधी वहीत लिहितो, वेळ टाकतो, मग संगणकावर जातो. जुनी खोड.

‘हे तुझ्या कामाचं आहे का बघ,’ वहिनी म्हणाली. ‘मला त्यांच्या अक्षरातलं निम्मं कळत नाही. लग्नाआधीच्या चिठ्ठ्याही अशाच असायच्या. होकार समजून मी हो म्हटलं.’

मदतनीस म्हणून मला गाड्यांची जुनी पानं बघता येत होती. वही आणि संगणक समोरासमोर धरले. अडतीसची सोडून चार महिन्यांत चौदा नोंदी जुळेनात. वहीत एक, संगणकावर भलतंच.

पहिला विचार तुमच्याही मनात येईल तोच आला : कुणीतरी नादुरुस्त गाड्या ठीक दाखवतंय, फेऱ्या भरायला. म्हणजे घड्याळ. मी जवळजवळ त्याचं नाव लिहून टाकलं होतं.

मग नऊ नंबरची गाडी आली. तिचा दरवाजा दादानं सकाळी सातला दुरुस्त केला, ‘दरवाजा ठीक’ लिहिलं. संगणकावर परत ‘दरवाजा नादुरुस्त’. चांगली गाडी दिवसभर आगारात उभी राहिली. सत्तावीसच्या टायरचं तसंच. चौदापैकी पाच बदल असे उलटे.

फेऱ्या भरणारा माणूस चांगली गाडी नादुरुस्त का दाखवेल? घड्याळ तर नक्कीच नाही. गुन्हेगाराला काहीतरी हवं असतं. याला काहीच नको होतं. ठीक असो, खराब असो, हा डोळे मिटून बदलत होता.

दोन गोष्टी मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिल्या. चौदाही नोंदी दादानं साडेपाच ते आठ या वेळात केलेल्या होत्या; आठनंतरची एकही नोंद कधी हलली नव्हती. आणि संगणकावर आलेली चुकीची माहिती मनानं रचलेली नव्हती. दर वेळी ती आदल्या दिवशीची होती. शब्दाला शब्द.

कुणीतरी रोज सकाळी काल परत आणून ठेवत होतं.

वही मिटताना तिच्या खिशातून एक कागद घरंगळला. डोळ्यांच्या दवाखान्याचा.

५

‘मोतीबिंदू,’ दादा म्हणाला. ‘दोन्ही. डावा जास्त.’

‘कधीपासून?’

‘वर्ष झालं.’

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. ‘मग तूच चुकलास दादा. दिसलं नाही, ठीकवर बोट पडलं.’

‘ठमे, तसं असतं तर मीच सांगितलं असतं.’

मी लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. तसंच एक पान बनवलं, दहा गाड्यांच्या नोंदी करायला सांगितल्या. तो नाक पडद्याला लावून बसला. अर्धा तास घेतला. वहिनी दारात उभी राहून पदराचं टोक पिळत होती. दहाही बरोबर. प्रत्येक नोंद त्यानं दोनदा वाचली होती.

‘आठ दहाला तू या दवाखान्यात होतास,’ मी म्हटलं. कागदावर त्याच मंगळवारची तारीख होती. आत आल्याची वेळ सात पन्नास, गेल्याची आठ चाळीस. ‘म्हणून ओरडायला नव्हतास. सांगितलं का नाहीस?’

‘न दिसणारा मिस्त्री कोण ठेवेल? संगणकावर लिहून ठेवलं होतं. पाट्या असत्या तर पाटी लावून गेलो असतो. त्याचा पाय गेला ठमे. मी तिथे असतो तर गेला नसता.’

म्हणजे आठ वाजून दहा मिनिटांनी हेड मिस्त्रीच्या नावानं सेव्ह करणारा हेड मिस्त्री नव्हता. दाखवायला कागद हातात होता. पण तो दाखवला की नोकरी डोळ्यांपायी जाणार.

६

टायवाल्यानं यादी दिली नाही म्हणून मी फाटकावर गेले.

आपलं आगार शाळा-ऑफिसच्या गाड्यांचं, पहिली गाडी साडेआठला निघते. निघताना चालक त्या दिवसाचं छापील पान फाटकवाल्याला देतो आणि फाटकवाला ते खिळ्याला टोचतो. उभ्या असलेल्या गाड्यांची पानंही त्याच गठ्ठ्यात येतात. रद्दीवाला महिन्यातून एकदा येतो.

‘त्या मंगळवारची पानं आहेत?’

‘खिळा कधी खोटं बोलत नाही,’ फाटकवाला म्हणाला आणि गठ्ठा उपसून दिला. ‘पण टोक सांभाळ. मला दोनदा इंजेक्शन घ्यावं लागलंय.’

अडतीस नंबरचं पान तेवढं तुम्ही नेलेलं. बाकी साठ होती. मी ती दुकानाच्या फरशीवर क्रमानं मांडली आणि फक्त तळाची ओळ वाचत गेले.

एक नंबर : हेड मिस्त्री, आठ सहा एकोणीस. दोन नंबर : आठ सहा सव्वीस. तीन नंबर : आठ सहा तेहेतीस. मध्ये कुठे सहा सेकंद, कुठे आठ. एकसष्ट नंबर : आठ तेरा एकोणीस. अडतीसच्या दोन्ही बाजूंना सदतीस आणि एकोणचाळीस, आणि त्यांच्या मधोमध तुमचं ते आठ दहा अडतीस, जिगसॉच्या तुकड्यासारखं चपखल.

सात सेकंदांत बसचे ब्रेक कुणी तपासत नाही. सात सेकंदांत बटण दाबता येतं, पुढचं पान समोर आणता येतं आणि परत बटण दाबता येतं.

मला तो माउस आठवला. खळगा पडलेला.

७

सकाळी सव्वापाचला मी नोंदबाईच्या टेबलाजवळ उभी होते. ती आली, मला पाहिलं, पर्स ठेवली.

‘बसा ताई,’ ती म्हणाली. ‘कधीतरी येणार होतातच.’

‘तुमचं रोजचं काम करा. मी फक्त बघते.’

साडेपाचला तिनं दादाचा पासवर्ड घातला आणि एकामागून एक गाड्यांची पानं उघडायला लागली. उघडायची, तशीच ठेवायची, पुढची उघडायची. एकसष्ट.

‘आत्ता का उघडता?’

‘सहानंतर सगळी आगारं सिस्टिमवर येतात. एक पान उघडायला दोन-दोन मिनिटं लागतात. एकसष्ट कशी व्हायची? एकदा उघडलं की सेव्ह पटकन होतं. म्हणून आधी उघडून ठेवते आणि आठनंतर सेव्ह मारत जाते.’

‘मिस्त्रीच्या नावानं?’

‘तपासणीचं पान दुसऱ्या कुणाच्या नावानं सेव्ह होत नाही. आणि साहेब म्हणाले, मिस्त्री गाडीखाली पाहिजे, पडद्यासमोर नको.’

साडेसहाला, दादाच्या जागी आलेल्या मिस्त्रीनं मी सांगितल्याप्रमाणे वर्कशॉपच्या संगणकावर बारा नंबरची नोंद बदलली. बारा नंबर रंगकामाला उभी होती, कुठे जाणार नव्हती. ‘वायपर बंद.’ सेव्ह. मी जाऊन डोळ्यांनी पाहिलं, नोंद झाली होती. नोंदबाईच्या पडद्यावर साडेपाचला उघडलेलं पान तसंच होतं, ‘वायपर चालू’. ते तिथे बसून काल धरून होतं.

आठ सहाला ती बटण दाबायला लागली. टक. टक. टक. बारावी टक झाली. मी वर्कशॉपमध्ये जाऊन बारा नंबरचं पान नव्यानं उघडलं.

‘वायपर चालू. शेवटचं सेव्ह : हेड मिस्त्री.’

एक बटण सगळं पान जुन्यासकट परत लिहीत होतं. ज्याचं सेव्ह शेवटचं, त्याचं खरं. सकाळी साडेपाच ते आठ या वेळात आगारातल्या कुणीही लिहिलेलं सत्य फार तर अडीच तास जगत होतं, मग नोंदबाईचं बोट त्याच्यावर पडत होतं. एरवी त्या वेळात बदल क्वचितच होतात. म्हणून चार महिन्यांत चौदाच. पंधरावा अडतीस नंबरचा.

परत आले तेव्हा नोंदबाई माउसवरचा हात मांडीवर घेऊन बसली होती.

‘त्या दिवशी कागद मीच छापला,’ ती म्हणाली. ‘मीच त्या चालकाच्या हातात दिला. तो म्हणाला, बाई, आज पण सगळं हिरवं का. मी हसले.’

‘तुम्हाला ठाऊक होतं असं होतंय?’

तिची नोकरी कंत्राटावर आहे, दर सहा महिन्यांनी तुमच्या सहीनं वाढते. तुमच्या दाराकडे एकदा बघून ती पुटपुटली, ‘संध्याकाळी दुकानात येते.’

८

ती आली. पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढून काउंटरवर ठेवला.

दोन महिन्यांपूर्वीची तारीख. तिचं नीटनेटकं अक्षर : ‘नऊ नंबरच्या दरवाजाची दुरुस्तीची नोंद माझ्या सेव्हनंतर उलटी झालेली आढळली. आधी उघडून ठेवलेल्या पानांमुळे असे होत असावे. सव्वाआठची मुदत वाढवावी किंवा लाल पाट्या पुन्हा सुरू कराव्यात, ही विनंती.’ आणि खाली, तुमच्या नेहमीच्या हिरव्या शाईतलं, झेरॉक्समध्ये काळं आलेलं तुमचं अक्षर :

‘पाहिले. पद्धत चालू ठेवा. एकसष्ट पूर्ण हवेत.’ सही.

‘मूळ कागद तपासणीच्या फाइलला लावला होता, तीच फाइल पुढे चौकशीला घेतली,’ ती म्हणाली. ‘पान तेवीस. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी फाइल साहेबांनी आत मागवली. परत आली तेव्हा नव्हता. लावायच्या आधी मी तुमच्याच दुकानात एक प्रत काढून घेतली होती. भीती वाटली म्हणून.’

साहेब, तुम्ही उद्या काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. ही प्रत अपघातानंतर बनवली, जुनी सही चिकटवून, बहिणीचं झेरॉक्सचं दुकानच आहे. म्हणून प्रत उजेडाला धरा. उजव्या बाजूला बारीक तिरकी रेघ आहे, माझ्या काचेवरच्या चऱ्याची. ती काच मी अपघाताच्या तीन आठवडे आधी बदलली. जुनी काच दुरुस्तीवाला घेऊन गेला आणि त्याच्या कामाच्या कागदावर तारीख आहे. त्या तारखेनंतर ती रेघ जगातल्या कुठल्याही कागदावर उमटू शकत नाही. हा कागद अपघाताआधीचा आहे. तुमची सही अपघाताआधीची आहे.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी दादाला सगळं वाचून दाखवलं. डोळ्यांचा भाग आला तिथे थांबले. ‘हे काढू का?’

‘ठेव,’ तो म्हणाला. ‘डोळ्यांपायी गेली तर जाऊ दे. खोटेपणापायी नको.’

नोंदबाईलाही विचारलं. ती म्हणाली, ‘माझं नाव तसंही कुणी घेत नाही. बाईच म्हणतात. लिहा.’

याच्या मी एकसष्ट प्रती काढल्यात. नव्या काचेवर, रेघ नाही. सकाळी साडेआठच्या आत प्रत्येक गाडीत एक लागेल, ओढून आणलेल्या मोडक्या अडतीसमध्येही, स्टिअरिंगला, पूर्वी जिथे लाल पाटी असायची तिथे. एकसष्टपैकी एकसष्ट, साहेब. तुम्हाला आवडतात तसे पूर्ण.

चौकशीत तुम्ही समोर बसणार आहात. दादा नाही चुकला हे आता सिद्ध करायला मला पाच मिनिटं लागतील. तेवढ्यावर मी उठणार नाही. नोंदबाईनं लिहून कळवलं, तुम्ही सही केलीत. अडतीसच्या चालकाला पाय नाही, तो दवाखान्यात पडून अजून विचारतोय, कागदावर ठीक कसं होतं.

तुम्ही लिहिलंत, ‘पाहिले.’ काय पाहिलंत? त्याच्यासमोर उभं राहून सांगा.